आयबीएसवरच्या प्रोबायोटिकचा पेपर वाचताना या चुका टाळा

परवा धंतोलीतल्या दवाखान्यातून मामी थेट माझ्याकडे आल्या. हातात प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक म्हणून द्यायच्या जिवंत जंतूंची, डबी आणि एक गुळगुळीत पत्रक. "यात लिहून आहे बघ, बहुतेकांना आराम पडला म्हणे. घेऊ काय मी?"

मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे पत्रकावरचे उंच-बुटके रंगीत खांब आधी पाहिले. एक खांब औषधाआधीचा, दुसरा चार आठवड्यांनंतरचा. प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीचा, खांबच नाही!

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. आयबीएस म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी पुन्हापुन्हा होणारा आतड्याचा विकार; हे दुखणं मुळातच चढतं-उतरतं. माणूस ट्रायलमध्ये नाव घालतो तेच पोटाने पुरता वैतागल्यावर, म्हणजे पुढे थोडं बरं वाटणारच. अशा चाचण्यांत नुसत्या प्लासिबोने साधारण ४० टक्के लोकांना बरं वाटतं. २०१० साली अमेरिकेत ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तर 'ही औषध नसलेली गोळी आहे' असं सांगून गोळ्या दिल्या; तीन आठवड्यांनी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता, गोळी न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांना. म्हणून आधी-नंतर पाहू नका, दोन गटांतला फरक पाहा.

उलटी चूकही होते. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम २९९व्ही या जंतूच्या वाणाची चाचणी भारतातच २१४ रुग्णांवर झाली, २०१२ मध्ये छापून आली. औषध चांगलं किंवा उत्तम म्हणणारे ७८ टक्के, प्लासिबोत जेमतेम ८. एवढी दरी पाहून मी तरी टाळ्या वाजवत नाही. प्लासिबो इतका फिका का पडला, हे विचारते. हाच वाण दक्षिण आफ्रिकेत ८१ जणांना आठ आठवडे दिला, तेव्हा प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही.

आणि वाण म्हणजे वाणच. एका लॅक्टोबॅसिलसचा पुरावा दुसऱ्याला लावणं म्हणजे वायगावची हळद दाखवून भलतीच हळद खपवणं.

जास्त जंतू म्हणजे जास्त गुण, हेही खरं नाही. बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस ३५६२४ ची २००६ ची चाचणी ३६२ बायकांवर होती, तीन मात्रांत. दहा कोटींची मात्रा प्लासिबोपेक्षा चांगली ठरली. हजार कोटींची नाही. का, तर त्या कॅप्सूलमधला माल ओल लागताच चिकट गोळा होऊन बसायचा, विरघळायचाच नाही!

बाकीचं झटपट. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदली असेल तर तिथे आधी जाहीर केलेला मुख्य निकष आणि पेपरातला निकष ताडून पाहा. पोटदुखीत फरक नाही, पण 'गॅस कमी झाला' हे ठळक छापलंय, असं असेल तर सावध व्हा. मध्येच सोडून गेलेले रुग्ण हिशेबात धरलेत का, तेही बघा.

मामींना म्हटलं, "घ्यायचंच तर तीन महिने घेऊन बघा, फरक नाही पडला तर बंद करा." ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत १२ आठवड्यांची मुभा आहे, अमेरिकेतली त्याच वर्षीची एक मार्गदर्शिका मात्र घेऊच नका म्हणते.

मग डबी उलटी करून पाहिली. '२५ अंशांखाली ठेवा.'

"मामी, ही ठेवता कुठे?"

"गॅसजवळच्या फळीवर. काऊन?"

बाहेर मे महिना, पारा ४४ वर.