आयडलला आरपीएम वर-खाली: माझा अनुभव

सिग्नलला थांबून इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असलं की माझ्या जुन्या टू-सीटर स्पोर्ट्स कारचा आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा 700 ते 1500 मध्ये सारखा वर-खाली व्हायचा. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारे थ्रॉटल बॉडी, आयडल व्हॉल्व्ह साफ केले, फरक शून्य. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावला. आयडलला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर मूळ हिशोबापेक्षा किती इंधन जास्त-कमी देतोय तो आकडा) +20 टक्क्यांच्या वर, 2500 आरपीएमला मात्र जवळपास शून्य! म्हणजे एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला मुळात हवा कमी लागते, त्यामुळे गळतीचा परिणाम तिथेच जास्त होतो. सेन्सरवर खर्च करण्याआधी हे आकडे बघाच.

इंजिन थंड असताना इनटेकच्या रबरी पाइपच्या घड्या बोटांनी ताणल्या. खालच्या बाजूला बारीक चीर सापडली, वरून अजिबात न दिसणारी. पाइप आणि क्लॅम्प नवे टाकले, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीसेट केला. आता काटा 850 वर स्थिर आहे.