दोन नमुन्यांत एकच जिवाणू सापडला तर? प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू होणाऱ्यांना मी सुरुवातीलाच एक काम सांगते. आपल्याकडच्या प्रत्येक कंट्रोल स्ट्रेनचं (चाचणी नीट चालते का ते तपासायला ठेवलेल्या ओळखीच्या जिवाणूचं) टायपिंग करून, म्हणजे डीएनएवरून त्याची नेमकी ओळख पटवून, त्याचा पॅटर्न फाइलला लावून ठेवा, मग तो ई. कोलाय एटीसीसी 25922 असो की क्षयाचा एच37आरव्ही. हे स्ट्रेन वारंवार हाताळले जातात आणि दाट वाढतात, त्यामुळे दुसऱ्याच्या नमुन्यात शिरायला, म्हणजे कंटॅमिनेशन व्हायला, वाव जास्त. पॅटर्न हाताशी असला की संशयास्पद कल्चर (नमुन्यातून वाढवलेले जिवाणू) लगेच ताडून पाहता येतं.

संशय कधी घ्यायचा, हे क्षयाच्या कल्चरवरून चांगलं शिकता येतं. रुग्णाच्या अनेक नमुन्यांपैकी एकच पॉझिटिव्ह, स्मिअर (काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी) निगेटिव्ह, वसाहती दोन-चारच किंवा द्रव माध्यमात वाढ फार उशिरा. आणि त्याच बॅचमध्ये एखादा भरघोस पॉझिटिव्ह नमुना. असं दिसलं की थांबायचं. डीकंटॅमिनेशन करताना, म्हणजे नमुन्यातले इतर जंतू मारताना, सगळ्या नळ्यांत एकाच बाटलीतून बफर ओतला, तर बाटलीचं तोंड एका नळीला लागलेलंही पुरतं. त्यापायी क्षय नसलेला माणूस निदान सहा महिने औषधं घेत राहतो. म्हणून मला हा विषय इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

प्रजाती ओळखून इथे भागत नाही. दोन्हीकडे साल्मोनेला आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. स्ट्रेनपर्यंत, म्हणजे प्रजातीतल्या नेमक्या उपप्रकारापर्यंत, जावं लागतं. 1984 मध्ये पुढे आलेल्या पल्स्ड फील्ड जेल या पद्धतीत क्वचितच कापणाऱ्या एन्झाइमने डीएनएचे मोठे तुकडे करून जेलवर उमटणारे त्यांचे पट्टे, म्हणजे बँड, पाहतात. 1996 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं पल्सनेट, म्हणजे अन्नातून पसरणाऱ्या साथी हुडकणारं प्रयोगशाळांचं जाळं, याच पद्धतीवर उभं राहिलं. क्षयासाठी आयएस6110 या जागा बदलणाऱ्या डीएनए तुकड्याचे बँड, पुढे 24 ठिकाणांचं मिरू-व्हीएनटीआर (त्या ठिकाणी डीएनएचा तुकडा किती वेळा येतो ते मोजणं) आणि आता संपूर्ण जीनोमचं सीक्वेन्सिंग.

पण पॅटर्न जुळला म्हणजे कंटॅमिनेशन झालंच, असं मात्र नाही. साल्मोनेला एन्टेरिटिडिसचे काही पॅटर्न इतके सर्रास आढळतात की एकमेकांशी संबंध नसलेले नमुनेही जुळतात. क्षयाच्या स्ट्रेनमध्ये आयएस6110च्या प्रती सहापेक्षा कमी असतील, तर ती एकटी कसोटी लंगडी पडते. शिवाय खरी साथ असली तरी जिवाणू एकच निघणार! सीक्वेन्सिंगमध्ये एकाही एसएनपीचा (डीएनएतल्या एका अक्षराचा) फरक दिसला नाही, तरी साथ की कंटॅमिनेशन हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर रजिस्टरमध्ये असतं. नमुने कोणत्या क्रमाने उघडले, कोणत्या कॅबिनेटमध्ये, कोणी, बफर आणि माध्यम कोणत्या लॉटचं, त्या दिवशी कंट्रोल कधी लावला. नवी मुलं सॉफ्टवेअर चटकन शिकतात, पण या नोंदी घाईत उरकतात. मला उलट हवं आहे. आणि अहवाल गेला म्हणून आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढून वाढवलेला जिवाणू) टाकून देऊ नका, उणे 70 अंशांत ठेवा. उरलेला मूळ नमुनाही जपा, म्हणजे तो पुन्हा लावता येतो.

पॅटर्न जुळला, नोंदीही जुळल्या आणि रुग्णाची लक्षणं मात्र जुळत नाहीत, असं झालं तर वरिष्ठांना सांगून त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन गेला पाहिजे. सुधारित अहवाल मागाहून गेला तरी चालेल.