सेल्सिअस की फॅरनहाइट? ताप मोजताना आणि फ्रीजर लावताना या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या रात्री डिचोलीहून वहिनीचा फोन आला. "भाऊजी, बाबूचं अंग गरम लागतंय, पण थर्मामीटर अडतीस पॉइंट नऊ दाखवतो. ताप शंभराच्या वर गेला तरच ना?" थर्मामीटर दुबईहून कुणीतरी आणलेला, सेल्सिअसवर लावलेला. 38.9 सेल्सिअस म्हणजे 102 फॅरनहाइट. पोर तापाने फणफणलं होतं आणि आकडा लहान दिसला म्हणून घरातले तासभर निर्धास्त होते.

याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. मे महिन्यात "पणजीत पारा 34" म्हणतो तेव्हा ते सेल्सिअस असतं. त्याच घरात "एकशे एक ताप आहे" म्हणतो तेव्हा ते फॅरनहाइट. एकक कुणीच उच्चारत नाही. म्हणून पहिली चूक हीच: नुसता आकडा सांगणं. डॉक्टरांना फोन करताना "अडतीस पॉइंट नऊ सेल्सिअस" असं पूर्ण सांगा. थर्मामीटरच्या पडद्यावर आकड्याशेजारी सी किंवा एफ हे इंग्रजी अक्षर बारीक दिसतं, आधी ते बघा. एकक बदलायची सोय बऱ्याच डिजिटल थर्मामीटरांत असते. चुकून बटण जास्त वेळ दाबलं गेलं तरी काहींत ते बदलतं. कालपर्यंत 98 दाखवणारा आज 37 दाखवू लागला तर तो बिघडला असं समजून टाकून देऊ नका.

कॅल्क्युलेटरने 84 दाखवलं?

पाणी सेल्सिअसमध्ये 0 वर गोठतं आणि 100 वर उकळतं. फॅरनहाइटमध्ये तेच 32 आणि 212. म्हणजे एका पट्टीवर 100 पायऱ्या, दुसरीवर 180, आणि सुरुवात 32 ने सरकलेली. हे एकदा डोक्यात बसलं की सूत्र घोकावं लागत नाही. फॅरनहाइटवरून येताना आधी 32 वजा करून सुरुवात जुळवायची, मग 5 ने गुणून 9 ने भागायचं. जाताना आधी 9 ने गुणून 5 ने भागायचं, 32 शेवटी मिळवायचे.

मोबाइलवर 102 − 32 × 5 ÷ 9 असं सलग टाइप केलं की उत्तर 84.2 येतं, कारण फोन गुणाकार-भागाकार आधी करतो. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर त्याच बटणांवर 38.9 देतो. फोनवर 102 − 32 कंसात टाका, किंवा 70 आल्यावर बरोबरचं चिन्ह दाबून मगच पुढे जा.

तोंडी हिशेबाला "दुप्पट करून 30 मिळवा" असं सांगितलं जातं. थंड हवेला ते चालेल, तापाला मुळीच चालणार नाही. 38 चे त्या रीतीने 106 होतात, खरे आहेत 100.4. एवढ्या फरकाने माणूस रात्री हॉस्पिटल गाठेल. त्याऐवजी दुप्पट करा, आलेल्या आकड्याचा दहावा भाग कमी करा, मग 32 मिळवा: 76, त्यातून 7.6 गेले 68.4, अधिक 32, 100.4. हे उत्तर अंदाजे नाही, अगदी बरोबर आहे.

ताप किती उतरला हे सांगताना मात्र 32 ला हात लावायचा नाही. 104 वरून 102 वर आला, म्हणजे सेल्सिअसमध्ये 1.1 अंश उतरला. फरकाला फक्त 5 ने गुणून 9 ने भागायचं.

ओव्हनची चूक लवकर पकडली जाते. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या केकच्या कृतीत 350 असतं आणि आपल्या ओटीजीची चकती साधारण 250 वरच संपते. तिथे 175 ते 180 लावा. घात होतो तो लहान आकड्यांचा: कृतीत 225 फॅरनहाइट असेल तर ते जेमतेम 107 सेल्सिअस. चकतीवर 225 सापडतं, आपण लावतो, आणि पदार्थ करपतो.

फ्रीजरचा शून्य

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून आमच्याकडे मे अखेरीस इसवण, बांगडे फ्रीजरमध्ये भरून ठेवतात. इंग्रजी माहितीत "फ्रीजर 0 वर ठेवा" असं वाचून शून्य सेल्सिअस लावलं तर मासळी नीट गोठतच नाही. तो शून्य फॅरनहाइटचा, म्हणजे उणे 18 सेल्सिअस. गणित करताना उणे चिन्ह गळालं तर 18 चे 64.4 होतात. चिन्ह ठेवलं तर उणे 32.4 अधिक 32, म्हणजे उणे 0.4, शून्याच्या जवळच. मासळी भरायच्या आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवून हा आकडा बघून घ्या, पण तापाचा थर्मामीटर नको. तो एवढं कमी तापमान दाखवू शकत नाही.