खान्देशात प्रेशर वॉशिंगचा धंदा टाकताय? आधी पाण्याचं बघा

कोकणातून, मराठवाड्यातून, अगदी पुण्याकडून पण बरीच पोरं हल्ली जळगाव, भुसावळ, धुळ्याला येऊन राहिलीत, कुणी बायकोच्या नोकरीमुळे, कुणी एमआयडीसीत काम धरून, आणि त्यातले काही जण मला विचारतात की दादा, प्रेशर वॉशरचं काम इथे चालेल का. चालतं. मी चिपळूणकडचा, आता जळगावात पक्का रुजलोय, घर याच कामावर चालतं. फक्त गावाकडे पाहिलेलं काम जसंच्या तसं इथे आणू नका. तिकडे धुवायचं म्हणजे शेवाळ, आणि विहिरीला पाणी भरपूर. इथे शेवाळ पावसाळ्याच्या शेवटी गच्चीवर दिसलं तर दिसलं, खरं काम धुळीचं, काळ्या मातीचं, केळीच्या चिकाचं आणि ट्रकखालच्या ग्रीसचं. आणि पाणी मोजून मिळतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, पाणी कुणाचं, लाईट कुठून घ्यायची आणि अर्थिंग आहे का, या तिन्हीचं उत्तर मिळाल्याशिवाय मशीन गाडीवरून खाली उतरवायची नाही.

पाण्याचं आधी. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे, पण नळ रोज येत नाही, आणि जिल्ह्यातल्या इतर गावांत उन्हाळ्यात दोन पाण्यांमधलं अंतर आणखी वाढतं. घरातल्या बाईला टाकीत किती पाणी उरलंय ते न बघता सांगता येतं. तुम्ही जाऊन तिची टाकी पार्किंग धुण्यात रिकामी केली तर काम कितीही चकाचक होऊ दे, त्या गल्लीत दुसरं काम मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. फोनवरच विचारा की बोअर आहे का, टाकी किती लिटरची, पाणी कधी येणार. जमलं तर पाणी यायच्या दिवशीच काम धरा. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, बोअरचं घ्यायचं.

लोकांना वाटतं प्रेशर मशीन म्हणजे पाण्याची नासाडी. उलटं आहे. छोटी मशीन मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेते, साध्या नळीतून पंधरा-वीस लिटर सहज जातं आणि तरी माती निघत नाही. तोंडी सांगून पटत नाही, मी बादली ठेवून एक मिनिट नळी सोडतो, मग एक मिनिट मशीन सोडतो, आजोबा-आजी दोघं बघतात आणि विषय संपतो. सात लिटरच्या हिशोबाने तासाला ४२० लिटर होतात, म्हणजे ५०० लिटरची टाकी लोडिंग रिक्षात टाकून नेली तर तासाभराचं काम आरामात होतं. फक्त भरलेल्या टाकीचं वजन अर्धा टन असतं हे रिक्षावाल्याला आधी सांगा आणि टाकी दोरीने नीट बांधा, अर्धी भरलेली टाकी वळणावर जास्त हिंदकळते.

आणि धुण्याआधी झाडा. खराटा मारा, वाळलेली काळी माती पत्र्याने खरवडून पोत्यात भरा. ओली झाली की ती चिकटते आणि दुप्पट पाणी खाते. ज्या गल्लीत टँकर चालू आहे तिथे एप्रिल-मेमध्ये मी अंगण-पार्किंगचं काम घेत नाही, पैसे कितीही देऊ देत. शेजारी हंडे घेऊन उभे असताना आपण फरशी धुवायची हे मला पटत नाही आणि तुम्हीही करू नका.

बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, क्षाराचं. नोझलला पांढरा थर धरतो, मग फवारा वाकडा येतो, पंपावर ताण पडतो. इनलेटची जाळी रोज काढून धुवायची, नोझल अधूनमधून लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. गाडी धुतली तर उन्हात वाळू देऊ नका, लगेच पुसा, नाहीतर पांढरे ठिपके राहतात आणि गिऱ्हाईक म्हणतं रंग खराब केला.

मशीन कोणती घ्यायची? पहिल्याच झटक्यात थ्री फेज २०० बारची (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) घेऊ नका. घरोघरी सिंगल फेजच मिळतं, शेतातल्या थ्री फेज लाईटीचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. आठ-दहा हजारांच्या आसपास १०० ते १३० बारची घरगुती मशीन येते, त्यात ओटा, अंगण, दुचाकी, कार एवढं होतं. पण तिची मोटर कार्बन ब्रशवाली असते, सलग तासन् तास चालवायची नसते, मेच्या उन्हात तर अजिबात नाही. कामं लागू लागली की मग इंडक्शन मोटरवाली १५० बारची घ्या, जड असते, महाग असते, पण दिवसभर साथ देते. घेताना एकच बघा की तिचे ओ-रिंग, सील, गन, नोझल आपल्या गावात मिळतात का आणि दुरुस्त करणारा आहे का. ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून मागवलेली मशीन एका वॉशरसाठी महिनाभर पडून राहते आणि तेवढ्यात सीझन निघून जातो.

इथे एक सवय आहे, शेतकऱ्याकडे फवारणीचा एचटीपी पंप असतोच, तोच घेऊन लोक ट्रॅक्टर धुतात. ट्रॅक्टर धुवा, हरकत नाही, पाणी मात्र जास्त पितो आणि प्रेशर कमी. पण ज्या पंपातून, ज्या नळीतून कीटकनाशक गेलंय त्याने पाण्याची टाकी, केळीचे क्रेट किंवा खाण्याच्या वस्तू ठेवायची जागा कधीच धुवायची नाही. कुणी कितीही म्हणालं की आम्ही पंप खंगाळलाय, तरी नाही.

आता लाईट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माणूस मरतो तो इथे. आपण पाण्यात उभे, हातात ओली गन, आणि मशीन २३० व्होल्टवर. २ किलोवॅटची मशीन साधारण ९ अँपिअर ओढते, म्हणजे मोबाईल चार्जरच्या सॉकेटमध्ये खुपसायची वस्तू नाही ही, १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट लागतो. जुन्या वाड्यांत, गावात बऱ्याच घरी अर्थिंग नुसतं नावाला असतं, तीन पिनचा सॉकेट दिसतो पण आत तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून स्वतःचा बोर्ड बनवून घ्या, त्यात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) पाहिजेच, सोबत एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच), आणि २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोरची अखंड केबल. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, रोज काम सुरू करायच्या आधी दाबून बघायचं, पडली तरच मशीन लावायची. नुसती एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती वायरीला वाचवते, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागते. केबलला मध्ये टेप मारलेला जोड असेल तर ती केबल बाद. बोर्ड जमिनीवर नाही, खुर्चीवर किंवा खिडकीत, फवारा पोचणार नाही इतका लांब. पायात गमबूट, हात ओले असताना पिनला हात नाही. व्होल्टेज पडलेलं असेल, मोटर घुमत असेल तर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी या.

पेट्रोलच्या मशीनला लाईटची भानगड नाही, पण ती बेसमेंटमध्ये किंवा बंद शेडमध्ये चालवायची नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस आधी चक्कर येऊन पडतो.

फवाऱ्याला खेळणं समजू नका. मशीन शंभर बारच्या वर चालते, कातडी त्यापेक्षा कितीतरी कमी प्रेशरला फाटते. लाल रंगाचं शून्य डिग्रीचं नोझल नवीन माणसाने पेटीतच ठेवावं, हिरवं २५ आणि पांढरं ४० डिग्रीचं, या दोघांवर बहुतेक सगळी कामं होतात. हातावर, पायावर फवारा बसला आणि नुसतं टाचणीएवढं भोक दिसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की प्रेशरचं पाणी आत शिरलंय, वरून जखम छोटी दिसते, आत खोल इजा झालेली असते. हळद लावून घरी बसायची जखम नाही ही. शिडीवर चढून गन चालवायची नाही, ट्रिगर दाबला की गन मागे ढकलते आणि तोल जातो, उंचावर लांब लान्स, म्हणजे गनपुढची लांब नळी, लावा. डोळ्याला गॉगल हवाच, खडे उडतात. काम संपलं की मशीन बंद, नळ बंद, मग गनचा ट्रिगर दाबून आतलं प्रेशर काढायचं आणि नंतरच पाइप सोडायचा. पोरंटोरं बघायला जमतात, त्यांना आधी लांब बसवा. आणि पोळ्याला कुणीतरी हमखास म्हणतं, भाऊ, बैलावर मार ना थोडं. नाही मारायचं. जनावराला नळीनेच धुवायचं.

उन्हाचं नवीन माणसाला कळत नाही. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ च्या पुढे जातो, पाण्यात काम आहे म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, लागतं. सकाळी साडेपाच-सहाला सुरू करा, दहा-साडेदहाला आवरा, मग संध्याकाळी. डोक्याला रुमाल, सोबत मीठ-साखरेचं पाणी. पाइप उन्हात प्रेशर भरून सोडू नका, मऊ पडून फुगतो.

केमिकलमध्ये एक नियम पाठ करा, संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करायचं नाही, एकामागोमाग एकाच जागी पण नाही, क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये छाती भरते. ग्रीसला साबणाचं पाणी टाकून दहा मिनिटं थांबलात तर अर्धं काम तिथेच होतं.

काय धुवायचं नाही तेही सांगतो. मीटरची पेटी, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या, ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि बेअरिंग. सोलर पॅनल इथे खूप झालेत आणि धूळही खूप बसते, पण त्यावर प्रेशर नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. गावातल्या जुन्या मातीच्या धाब्याच्या घरांना फवारा लावायचाच नाही, भिंत वाहून जाईल. पेव्हर ब्लॉक धुतले की सांध्यातली रेती निघते, ती परत भरायचे पैसे आधीच बोलून ठेवा. आणि संडासाची टाकी, गटाराचं चेंबर, यात उतरायचं काम कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे आणि आत विषारी वायूने माणसं मरतात. जमिनीखालच्या पाण्याच्या हौदातसुद्धा एकट्याने उतरू नका, झाकण उघडून हवा खेळू द्या, वर एक माणूस उभा ठेवा, आणि विजेची मशीन आत न्यायची नाही, फक्त गन आणि पाइप.

काम मिळतं कुठे? रावेर-सावदा पट्ट्यात केळी भरायची ठिकाणं आहेत, तिथे क्रेट आणि गाड्या असतात, पण केळीचा चीक वाळून काळा झाला की निव्वळ प्रेशरने जात नाही, त्याच दिवशी धुवायला द्या असं मालकाला समजावा. हायवेवरचे ट्रकवाले आहेत, दाल मिल आहेत, मंगल कार्यालयं आहेत. घरगुती कामाला सण बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्याआधी अंगणं धुतली जातात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही इथली देवी घरात बसते, त्या घरात रंगरंगोटी होते, पुण्या-मुंबईला, सुरतला गेलेली भावकी गावी परत येते, तेव्हा रंगाच्या आधी भिंत-ओटा धुवायला बोलावतात. मग दिवाळी. रंगारी आणि फरशीवाले मिस्तरी यांच्याशी ओळख ठेवा, ते कामं देतात.

रेट स्क्वेअर फुटावर सांगा, पण जागा बघितल्याशिवाय नाही. लाईट त्यांची असेल तर मशीन तासाला साधारण २ युनिट ओढते हे आधीच सांगून टाका. आप्पा, नाना, ताई म्हणून बोला, अहिराणी हळूहळू कळायला लागते, सुरुवातीला नुसतं मन लावून ऐकलं तरी माणसं खूश होतात. सांडपाणी शेजारच्या ओट्याकडे जाऊ देऊ नका, उतार कुठे आहे ते आधी एक तांब्या पाणी ओतून बघा, इथली निम्मी भांडणं याच्यावरून होतात.

कागदपत्रांचं फार टेन्शन नाही. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. दुकान घेतलंत आणि एक-दोन माणसंच असतील तर दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही. कर्ज हवंच असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही, पण माझं मत विचाराल तर पहिली छोटी मशीन बचतीतून घ्या आणि मोठीसाठी बँकेत जा, तोवर हातात कामाच्या पावत्या असतील. आणि मशीनआधी आरसीसीबीचा बोर्ड, गमबूट आणि गॉगल घ्या, पैसे कमी पडले तर मशीन पुढच्या महिन्यात आली तरी चालेल.