स्प्रे बारमधून पाणी एकसारखे येत नाही? या चुका टाळा

फिल्टरचे पाणी माशांच्या टाकीच्या पूर्ण लांबीवर पसरावे म्हणून पीव्हीसी पाईपला ओळीने खाचा पाडून घरीच स्प्रे बार केला जातो, आणि पुष्कळदा त्याच्या एका टोकाला जोराची धार येते, तर दुसऱ्या टोकाला पाणी नुसते झिरपते. अशा वेळी दोष पंपाला देऊन मोठा पंप आणू नये, कारण त्याने सगळ्याच धारा वाढतात, पण त्यांच्यातील तफावत जवळपास तशीच राहते. क्षीण धारेच्या खाचा रुंद करणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण खाचांचे एकूण क्षेत्रफळ वाढले की बारमधला दाब आणखी घटतो.

खरे कारण बहुधा खाचांचे एकूण क्षेत्रफळ आणि पाईपचा आडवा छेद (आतल्या पोकळीचे क्षेत्रफळ) यांच्या प्रमाणात असते. पाईपच्या सुरुवातीला पाणी वेगाने पुढे धावत असल्यामुळे तेथे बाहेर ढकलणारा दाब कमी असतो; प्रत्येक खाचेतून थोडे पाणी निघून गेले की उरलेल्याचा वेग मंदावतो आणि बंद टोकाकडे दाब वाढत जातो. म्हणूनच आखूड बारमध्ये शेवटची खाच सर्वांत जोरात वाहते. पाईप लांब आणि अरुंद असेल तर मात्र घर्षण वरचढ ठरून चित्र उलटे होते.

आतला व्यास १६ मिमी असलेल्या पाईपचा छेद सुमारे २०० चौरस मिमी भरतो. त्यातून तासाला १,००० लिटर पाणी गेले तर वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर होतो, आणि या वेगापोटी सुरुवातीच्या व शेवटच्या खाचेच्या दाबात १० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतका फरक पडू शकतो. सर्व खाचांची बेरीज ४०० चौरस मिमी असेल, तर पाणी बाहेर ढकलायला जेमतेम सहा-सात सेंमी दाब पुरतो आणि पहिल्या खाचा उपाशी राहतात. तीच बेरीज ११० चौरस मिमीवर आणली की दाब ८० सेंमीच्या घरात जातो व १० सेंमीचा फरक जेमतेम जाणवतो. त्यामुळे खाचांचे एकूण क्षेत्रफळ छेदाच्या निम्म्याच्या आसपास ठेवावे. कमी उंचीपर्यंतच पाणी चढवू शकणाऱ्या लहान पंपाचा प्रवाह या अडथळ्यामुळे बराच घटतो. तेथे खाचा लहान करण्यापेक्षा अधिक व्यासाचा पाईप घेणे हेच माझ्या मते शहाणपणाचे आहे.

गणित बरोबर असूनही हात चुकतो. गोल पाईपवर हॅक्सॉचे पाते आतल्या पोकळीत १ मिमी उतरले तर खाच आतून सुमारे ८ मिमी लांब उघडते; २ मिमी उतरले तर ती जवळजवळ ११ मिमी होते. म्हणजे नजरेला न कळणाऱ्या एका मिलिमीटरने पाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढते. पात्यावर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करावी आणि आतल्या बाजूला राहिलेल्या खरखरीत कडा घासून काढाव्यात.

टाकी लांब असेल तर पाणी एका टोकाने न देता टी (तीन तोंडांचा जोड) जोडून मधोमध द्यावे. प्रत्येक बाजूला निम्मेच पाणी जात असल्याने वेगामुळे पडणारा दाबाचा फरक चौथाईवर येतो.  एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) लगेच पुढे खाच पाडू नये, कारण वळणावर पाणी घुसळते. व्यासाच्या दहापट लांबीचा सरळ भाग सोडावा.

बार टाकीत बसवण्यापूर्वी बादलीवर आडवा धरून पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या खाचेखाली सारखाच वेळ भांडे धरावे व जमलेले पाणी मोजावे. सुरुवातीला समान असलेला प्रवाह काही आठवड्यांनी बिघडला, तर नव्या खाचा पाडायच्या नाहीत. शेवाळ व गाळाने खाचा बुजल्या आहेत का, ते आधी पाहावे. यासाठी शेवटचे टोपण सॉल्व्हंट सिमेंटने कायमचे चिकटवू नये, घट्ट दाबून बसवावे, म्हणजे ते काढून आतून ब्रश फिरवता येतो.