आधी लस, मग बॅग : अमेरिकेत मास्टर्स-पीएचडीला निघण्यापूर्वी

दर ऑगस्टमध्ये दोन शनिवार मी विद्यापीठाची व्हॅन घेऊन विमानतळावर जाते आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या खोलीपर्यंत पोचवते. याला आता पाच वर्षं झाली. मी स्वतः भूजलावर पीएचडी करतेय, त्यामुळे ही व्हॅन म्हणजे माझी वर्षातली एकमेव समाजसेवा. रस्ता तासाभराचा आहे. पहिली दहा मिनिटं सगळे गप्प असतात, मग एकेकाच्या अडचणी बाहेर येतात. त्या ऐकून एक गोष्ट पक्की कळली आहे. बॅगेत अमुक राहिलं म्हणून कोणाचं काही अडत नाही. अडतं ते दीड महिना आधी जे सुरू करायला हवं होतं, त्यावाचून.

तयारीची कामं दोन जातींची असतात. काही कामं पैसे टाकून, धावपळ करून एका दिवसात उरकतात. काहींना मात्र कितीही जीव काढलात तरी मधले दिवस जावेच लागतात. गंमत अशी की घरात चर्चा होते ती पहिल्या जातीच्या कामांची, कारण ती डोळ्यांना दिसतात. तुम्ही दुसऱ्या जातीची आधी हातात घ्या.

लशींचा कागद

माझी स्वतःची फजिती इथलीच. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचा एक फॉर्म येतो. तो मी 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिला आणि निघायला तीन आठवडे उरले असताना उघडला. त्यात एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचे, दोन डोस मागितले होते आणि दोन डोसांमध्ये किमान २८ दिवस हवेत अशी अट होती. लहानपणी घेतलेल्या लशींचा कागद माझ्याकडे नव्हता. एक डोस घेतला, दुसऱ्याला वेळच उरला नाही. पोचल्यावर माझ्या खात्यावर 'होल्ड' लागला, म्हणजे विषयांची नोंदणीच बंद. तो निघेपर्यंत मला हवा असलेला सांख्यिकीचा वर्ग भरून गेला होता. तो विषय मी पुढच्या वर्षी घेतला.

म्हणून प्रवेशाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात हा फॉर्म शोधा. जुना कागद नसेल तर टायटर नावाची रक्ततपासणी करता येते. शरीरात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते तिच्यात कळतं आणि बरीच विद्यापीठं तो अहवाल लशीच्या नोंदीऐवजी चालवून घेतात. काही अभ्यासक्रमांना, विशेषतः जिथे रुग्णांशी संबंध येतो तिथे, हिपॅटायटिस-बी लागते. तिच्या नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने जातात, त्यामुळे तिथे तर आजच सुरुवात करायला हवी. क्षयाच्या तपासणीचंही आधी विचारून घ्या. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचलेली असेल तर त्वचेवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. आयजीआरए ही रक्ताची चाचणी बीसीजीने फसत नाही. पण काही ठिकाणी बाहेरून करून आणलेला अहवाल चालतच नाही, तिथे पोचूनच चाचणी करावी लागते. मग आधी पैसे घालवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांकडे जाताच आहात तर दात आणि डोळेही दाखवून घ्या. विद्यापीठाच्या आरोग्यविम्यात हे दोन्ही बहुधा नसतात, किंवा वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. दाढ दुखायला परीक्षेचा आठवडाच मिळतो, हा माझा अनुभव आहे.

नाव आणि आय-२०

आय-२० हा विद्यापीठाने दिलेला कागद म्हणजे पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ. तो ईमेलने आला की आनंदात फोटो काढण्याआधी तीन गोष्टी पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहा : नाव, जन्मतारीख, नागरिकत्व. मग अभ्यासक्रमाचं नाव, सुरू होण्याची तारीख आणि पैशांचा रकाना बघा. चूक असेल तर व्हिसाच्या मुलाखतीच्या खिडकीसमोर ती दुरुस्त होत नाही. विद्यापीठाला लिहून नवा आय-२० मागवावा लागतो आणि त्यात दिवस जातात. सगळं बरोबर असेल तर छापा आणि तुमच्या सहीच्या जागी शाईने सही करा.

नावाबद्दल एक ठळक सूचना. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं. याचा अर्थ 'पहिलं नाव माहीत नाही'. माझ्या प्रयोगशाळेतल्या एकाला बँकेची पत्रं अजून 'प्रिय एफएनयू' म्हणून येतात. तो हसतो, पण प्रत्येक नव्या ठिकाणी त्याला तीच कथा पहिल्यापासून सांगावी लागते. पासपोर्ट दुरुस्त करायचा असेल तर तो आय-२० निघायच्या आधी.

पुढचा क्रम असा. आय-२०वर 'एन'ने सुरू होणारा सेव्हिस क्रमांक असतो. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदयंत्रणा. तो टाकून आय-९०१ शुल्क भरायचं. एफ-१, म्हणजे विद्यार्थी-व्हिसा, यासाठी ते ३५० डॉलर आहे. मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग व्हिसाचं शुल्क. मूळ शुल्क १८५ डॉलर आहे, पण भरताना अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच भरा, ही शुल्कं बदलत असतात. मग मुलाखत. दोन्ही पावत्या छापून ठेवा. डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना ही खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. विसरलेलं जुनं खातंही आठवून लिहा.

दोन आकड्यांचा गोंधळ मी दरवर्षी ऐकते. नव्या विद्यार्थ्याला व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो. देशात पाऊल मात्र त्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच टाकता येतं. व्हिसा हातात आला म्हणून स्वस्त तिकीट दीड महिना आधीचं काढू नका.

मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत संपते. अमेरिकेच्या कायद्याचं कलम २१४(बी) असं मानून चालतं की समोरचा माणूस कायमचं राहायलाच येतोय. तसं नाही हे दाखवणं तुमचं काम. विचारतात ते साधंच : हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, नंतर काय. एजंटाने दिलेली उत्तरं पाठ करून जाऊ नका. अधिकारी सकाळपासून तीच वाक्यं ऐकत असतात. मी काय करणार आहे हे मी माझ्या आजीला समजावून पाहिलं होतं. 'जमिनीखालचं पाणी किती उरलंय ते मोजायचं आणि ते कधी संपेल याचं गणित मांडायचं.' खिडकीपुढे तेच वाक्य इंग्रजीत सांगितलं.

पगार किती महिन्यांचा?

असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यापीठाचा पगार, मिळाली की घरी सगळे निर्धास्त होतात. नियुक्तीपत्र सावकाश, दोनदा वाचा. रक्कम नऊ महिन्यांची आहे की बाराची? बऱ्याच ठिकाणी नेमणूक नऊ महिन्यांचीच असते आणि उन्हाळ्यात काय ते 'उपलब्धतेनुसार'. ट्यूशन, म्हणजे शिक्षणशुल्क, माफ असली तरी 'फीज' नावाचा वेगळा ढीग बहुधा तुम्हीच भरायचा असतो. आरोग्यविम्याचा हप्ता कोण भरणार? ही तीन वाक्यं विभागाच्या कचेरीला ईमेलने विचारायला संकोच वाटू देऊ नका, त्यांना सवय असते. आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला उत्तर द्यायची मुदत अनेक विद्यापीठांत १५ एप्रिल असते. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांनी त्याआधी उत्तरासाठी दबाव आणू नये अशी अपेक्षा आहे. म्हणजे विचारायला वेळ असतो.

आता पहिल्या पगाराचं. वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, पण माझ्या हातात पहिला पैसा आला तो सप्टेंबर संपताना. मधल्या काळात खोलीचं पहिलं भाडं, तेवढंच डिपॉझिट, फीज, पुस्तकं आणि गादी. गादीचा खर्च कोणीच धरत नाही, कारण इथल्या बऱ्याच खोल्या पूर्ण रिकाम्या मिळतात हे कोणी सांगत नाही. किमान दोन, जमलं तर तीन महिन्यांचा खर्च जवळ हवा. तो सगळा रोख नको. दहा हजार डॉलरांपेक्षा जास्त रोकड नेली तर सीमाशुल्काकडे जाहीर करावी लागते. नेण्यावर बंदी नाही, पण न सांगणं महागात पडतं.

पगार आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक लगेच मिळत नाही. एफ-१ विद्यार्थ्याला त्यासाठी आधी नोकरी लागते, कामाच्या ठिकाणचं आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र लागतं, आणि देशात आल्यावर साधारण दहा दिवस थांबून अर्ज करणं बरं, म्हणजे तुमची नोंद त्यांच्या यंत्रणेत दिसते. तोवर बँक खातं बहुतेक ठिकाणी पासपोर्टवर उघडतं. सत्र चालू असताना कँपसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि परवानगीशिवाय कँपसबाहेर अजिबात नाही. 'सगळेच करतात' असं सांगणारे तुमचा व्हिसा वाचवायला येणार नाहीत.

खोली

मागे एकदा मी एका मुलाला त्याने दिलेल्या पत्त्यावर सोडायला गेले. इमारत होती, ३०४ क्रमांकाची खोली नव्हती, कारण इमारत दुमजली होती. त्याने एक महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट फोटो पाहून पाठवलं होतं. त्या रात्री तो आमच्या सोफ्यावर झोपला.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या आठ-दहा दिवसांची तात्पुरती सोय करा आणि खोली डोळ्यांनी पाहून घ्या. ते शक्य नसेल तर तिथल्या कोणा विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, नळ सोडायला लावा. करार बहुधा बारा महिन्यांचा असतो. चौघांनी मिळून एकाच करारावर सही करताना 'जॉइंटली अँड सेव्हरली' हे शब्द शोधा. त्याचा अर्थ, एक जण सोडून गेला तर त्याचंही भाडं उरलेल्यांच्या गळ्यात. आत जाल त्या दिवशी भिंतींचे, गालिच्याचे, ओव्हनचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. डिपॉझिट परत मागताना हेच फोटो बोलतात.

अभ्यासाचं काय

इथे लोक अति करतात. निघण्याआधी गाइडचे सगळे शोधनिबंध वाचायची गरज नाही. शेवटचे दोन-तीन वाचा आणि त्यातलं एक तरी चित्र स्वतःच्या कोडने पुन्हा काढता येतं का बघा. पहिल्या सत्रात घ्यायच्या विषयांचे जुने सिलॅबस शोधा, त्यात गृहीत धरलेलं गणित आठवतंय का तपासा. मला आंशिक अवकल समीकरणं आठवत नव्हती, जुलैतला उजळणीचा महिना फुकट गेला नाही. टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारे असिस्टंट, असाल तर बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी चाचणी असू शकते, टोफेल देऊन झाली असली तरी.

आणि गाइड कसे आहेत हे त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना विचारा, पण ईमेलवर नको. फोनवर विचारा. उत्तराआधी ते किती वेळ थांबतात तेही ऐका.

बॅग आणि पहिला दिवस

लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो चालतो, फक्त प्लगचा अडॅप्टर हवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, त्यामुळे २३० व्होल्टची इस्त्री किंवा किटली तिथे नुसतीच कोमट होते. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. औषधं मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट. जाड कोट तिथेच घ्या.

आय-२०, पासपोर्ट, आर्थिक कागद आणि प्रवेशपत्र खांद्यावरच्या पिशवीत हवेत, कारण इमिग्रेशनचा अधिकारी आधी भेटतो आणि सामानाचा पट्टा नंतर लागतो. सही केलेला आय-२० दाखवता आला नाही तर आय-५१५ए नावाचा फॉर्म देऊन ३० दिवसांची मुदत देतात, तीही अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पुढचं विमान असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच अमेरिकी विमानतळावर सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, म्हणून मध्ये तीन तास तरी ठेवा.

पोचल्यावर दोन दिवसांत सरकारी संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे तुमच्या देशातल्या प्रवेशाची नोंद, उतरवून घ्या, त्यावर एफ-१ लिहिलंय ना, नाव बरोबर आहे ना, ते पाहा. मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी लावा. अभ्यासक्रम सुरू झाल्याच्या ३० दिवसांत त्यांना तुमची सेव्हिसमध्ये नोंद करावी लागते, आणि पुढे पत्ता बदलला की १० दिवसांत तुम्ही त्यांना कळवायचं असतं.

आणि व्हॅनची नोंदणी केली असेल, पण विमान बदललं किंवा बेत फिरला, तर एक मेसेज टाका. गेल्या वर्षी रात्री दीडपर्यंत मी ज्याच्या नावाची पाटी धरून उभी होते, तो आदल्या दिवशीच बसने पोचून स्वतःच्या खोलीत गाढ झोपला होता.