गाईड निवडण्याआधी त्यांचं संशोधन कसं वाचायचं

नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमधून एमएस्सी करून माझ्याकडे येणारी मुलं पीएचडीच्या गाईडविषयी पहिलं विचारतात ते हेच, "मॅडम, त्यांचे पेपर किती?" त्या आकड्यानं काही कळत नाही. त्यातून तो शास्त्रज्ञ मटेरियल्स केमिस्ट्री आणि एन्झाइमची रचना अशा दोन्हीकडे काम करणारा असला, तर यादी बघून मुलं बावरतातच. अशी यादी मी कशी वाचायला लावते ते सांगते.

आधी यादी त्याच माणसाची आहे ना, हे बघा. 'एस. देशमुख' शोधलं की ढीगभर देशमुख निघतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं जुनं काम वेगळ्याच नावाखाली पडलेलं असतं. नावाऐवजी ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ओळख-नोंदणी) १६ अंकी क्रमांक वापरा.

मग वही घ्या. प्रत्येक पेपरसमोर दोनच गोष्टी लिहा: मुख्य अणू कोणता आणि तो कशाला बांधलेला आहे. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका, कारण धागा इथेच सापडतो.

झिंकचं उदाहरण घेऊ. २००६ पासून गाजत असलेला झिफ-८ हा सच्छिद्र पदार्थ. त्यात प्रत्येक झिंक इमिडाझोल या पाच अणूंच्या चार वलयांच्या नायट्रोजनला बांधलेला असतो. आता आपल्या तांबड्या पेशींतलं कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे एन्झाइम बघा. त्यातला झिंक तीन हिस्टिडिननी (हे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) धरलेला आहे, आणि हिस्टिडिनची बाजूची साखळी म्हणजे इमिडाझोलच! चौथी जागा पाण्याला. झिंकला बांधल्यामुळे त्या पाण्याचा पीकेए (हा आकडा जितका कमी, तितका हायड्रोजन सहज सुटतो) साडेपंधराच्या वरून ७ च्या आसपास उतरतो, त्यातून हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते कार्बन डायऑक्साइडवर चढतं. सेकंदाला सुमारे १० लाख रेणू. हे पाहिल्यावर "सर दोन वेगळे विषय करतात" असं म्हणवत नाही. मला तर हे शिकवताना दरवेळी तितकाच आनंद होतो.

आता पेपरमधलं रंगीत चित्र सोडा, मूळ नोंद उघडा. एन्झाइमच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळतात. पेपरमध्ये चार अक्षरी क्रमांक दिलेला असतो. सरावासाठी '१सीए२' (1CA2) घ्या, हे मानवी कार्बॉनिक ॲनहायड्रेज-२ आहे. आधी रेझोल्यूशन पाहा: २.० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). आकडा जितका लहान, तितकं चित्र स्पष्ट. ३ च्या पुढे गेलं की पाण्याच्या एकेका रेणूवर मोठा दावा करणाऱ्या पेपरकडे मी संशयानं बघते. मग झिंकवर क्लिक करून नायट्रोजनपर्यंतचं अंतर मोजा, २ अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल. अणूची जागा किती अनिश्चित आहे ते सांगणारा बी-फॅक्टरही बघा, एखाद्या भागात तो शेजाऱ्यांपेक्षा फार जास्त असेल तर तिथली अणूंची जागा पक्की धरू नका. रचना बाजूला ठेवलेल्या डेटाशी जुळते का हे बघणारी आर-फ्री ही कसोटी १९९२ ची, त्यामुळे जुन्या रचनांत ती शोधत बसू नका. साध्या स्फटिकी पदार्थांसाठी अणूंच्या जागा नोंदवलेली सीआयएफ (CIF) फाइल असते, तिथेही हीच सवय ठेवा.

लेखकांचा क्रम पटकन बघून घ्या: पहिलं नाव कुणाचं आणि पत्रव्यवहाराची खूण (पेपरबद्दल कुणाला लिहायचं ते दाखवणारं चिन्ह) कुणावर. शेवटच्या काही वर्षांत त्यांचे विद्यार्थी पहिले लेखक आहेत का? असतील तर चांगलं लक्षण.

सगळं वाचून झालं की मेल लिहा. "आपल्या कामानं प्रभावित झालो" हे वाक्य नको, ते सगळेच लिहितात. त्याजागी कामातून निघालेला एक प्रश्न विचारा. समजा, सरांनी कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे एन्झाइम झिफ-८ मध्ये बसवलंय. झिफ-८ च्या छिद्राचं तोंड जेमतेम ३.४ अँगस्ट्रॉम, आणि एन्झाइम त्याच्या दहापटीहून मोठं. म्हणजे ते तयार छिद्रातून आत जाऊच शकत नाही, स्फटिक त्याच्याभोवती वाढवावा लागतो. मग विचारा: "सर, एन्झाइम नुसतं पृष्ठभागावर चिकटलेलं नाही, खरंच आत आहे, हे कसं तपासलंत? धुतल्यानंतर किंवा प्रथिनं तोडणारं प्रोटीएझ घातल्यानंतर त्याची क्रियाशीलता किती टिकली?"